पिवळं पडलेलं घुबड

अ‍ॅशबर्नला राहायला आलो त्या वर्षी ऑक्टोबर लागताच आमच्या मुलीने जेवता जेवता जाहीर केलं की हॅलोवीनच्या आधीच्या शनिवारी घरी पार्टी करायची. पार्टी जादूगारांची असेल आणि त्यातली एकही वस्तू दुकानातून तयार आणायची नाही. मी विचारलं, "का गं? तयार मिळतं की सगळं."

"तयार सगळ्यांकडेच असतं, बाबा. घरी केलं तर पीपल विल रिमेंबर."

मी मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली. खरं कारण मला नंतर बायकोने सांगितलं, डिशवॉशरमध्ये ताटं लावताना. "अरे, तिला हॅलोवीनला बरोबर फिरायला कोणी नाहीये."

इथे हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. एकटं कोणी फिरत नाही, गट असतात आणि ते गट बरेच आधी ठरतात, बहुतेक शाळेच्या बसमध्ये. ज्यांना गट नसतो ती मुलं आई-बापाचा हात धरून फिरतात. आमची मुलगी चौथीत होती, आणि चौथीतल्या मुलीने बापाचा हात धरून फिरणं म्हणजे काय, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आधीच्या गावी, ॲन आर्बरला असताना तिचा गट ती चार वर्षांची असल्यापासूनचा होता. माझी नोकरी बदलली, आम्ही उन्हाळ्यात इकडे आलो आणि तो गट तिकडेच राहिला. आमच्या गल्लीतही मुलींचा एक गट होता. कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी त्याची पुढारी. कोणाला बरोबर घ्यायचं ते ती ठरवायची.

"मग तू तिला विचार ना सरळ," मी दुसऱ्या दिवशी म्हणालो.

मुलीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "यू कांट आस्क, बाबा. दे आस्क यू."

म्हणजे पार्टी त्यासाठी होती. मला हे एकदा समजल्यावर काम सोपं झालं. मी डेटा सेंटरमध्ये विजेच्या भाराचं काम बघतो. कुठल्या वायरीवर किती ओझं टाकायचं आणि एक बंद पडली तर दुसरीने ते कसं पेलायचं, हे दिवसभर मोजतो. पार्टीला मी तसाच हात घातला. बायको म्हणाली, "हळू. नऊ वर्षांच्या मुलांची पार्टी आहे, सबस्टेशन नाहीये."

पहिल्यांदा टोप्या केल्या. जादूगाराची टोपी म्हणजे शंकू, आणि शंकू उलगडला की वर्तुळाचा एक तुकडा होतो. डोक्याचा घेर आणि टोपीची उंची ठरली की तुकडा केवढा कापायचा ते गणिताने निघतं. मुलगी मात्र काळा कागद सरळ गुंडाळत होती आणि टोकाला भोक पडत होतं. मी तिला आकृती काढून दाखवली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली, आणि नंतर तिची गुंडाळलेली टोपीच जास्त चांगली दिसली, कारण ती थोडी वाकडी होती. जादूगारांच्या टोप्या वाकड्याच असतात म्हणे. माझ्या टोप्या वाहतूक पोलिसांच्या त्या नारिंगी शंकूंसारख्या ताठ उभ्या राहिल्या. शेवटी आम्ही माझ्या सगळ्या टोप्यांना मधोमध एकेक चिमटा काढला.

झग्यांचं काम माझ्या सासूबाईंकडे गेलं. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दिवाळीही हॅलोवीनच्याच आठवड्यात येत असल्याने आधीच फराळात बुडालेल्या होत्या. दुकानातून स्वस्तातला काळा कपडा आणला, तो दुमडून मधे गळा कापला आणि दोन्ही बाजूंना शिवण मारली. पहिला झगा हातात धरून त्या हसायलाच लागल्या.

"हे तर झबलं आहे हो, जावईबुवा! बाळंतविड्यात देतो ते. फक्त घोड्याएवढ्या बाळाचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात जादूगाराच्या झग्याला झबलंच म्हणू लागले. मुलगीही म्हणायची, "आजी, माझं झबलं इज टू लाँग."

सासूबाईंची आणि माझी एकच लढाई झाली, ती जळमटांवरून. मुलीने कापूस विंचरून खोटी जळमटं केली होती आणि ती पोर्चमध्ये, दारावर, जिन्याच्या कठड्याला लावली होती. मी ऑफिसमधून आलो तर सगळं स्वच्छ. सासूबाई हातात केरसुणी घेऊन उभ्या.

"आई, ती लावलेली होती."

"लावलेली? दिवाळीच्या तोंडावर माणसं जळमटं काढतात, आणि तुम्ही लावून राहिले?"

मुलगी रडकुंडीला आली. तेव्हा तह झाला. उंबऱ्याच्या बाहेर भुतं, जळमटं, कवट्या काय हवं ते. उंबऱ्याच्या आत यायचं तर फक्त जादूगार. जादूगार चालतील, सासूबाई म्हणाल्या, ते शिकलेले असतात.

पार्टीतला मुख्य कार्यक्रम होता काढ्याचा तास. मुलांनी पेल्यात काहीतरी ओतायचं आणि त्याचा रंग बदलायचा, अशी मुलीची अट. मी आधी खाण्याचे रंग बघितले. त्यांनी कपड्यांना डाग पडतात म्हणून ते बाद केले. कोरडा बर्फ हात पोळवतो म्हणून तोही बाद केला. बाजारात मिळणाऱ्या प्रयोगाच्या पेटीवर सूचनांपेक्षा इशारेच जास्त होते. शेवटी हळद सुचली. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते लालभडक होतं, कुंकवासारखं. त्यात लिंबू पिळलं की फेस येतो आणि पाणी परत पिवळं होतं. मी ते स्वयंपाकघरात करून दाखवलं तेव्हा मुलगी ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, "बाबा, धिस इज ॲक्च्युअल मॅजिक."

मी प्रमाण पक्कं केलं. एका पेल्याला किती हळद, किती सोडा, किती लिंबू. सोडा जास्त झाला तर फेस टेबलावर येतो, कमी झाला तर रंग विटका येतो. टेबलावर दुहेरी प्लास्टिक अंथरायचं ठरवलं. सगळ्या पालकांना आधी कळवून कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते विचारून घेतलं. हळद कोणालाच वर्ज्य नव्हती, आणि हळदीबद्दल माझ्या मनात तेवढाच विचार होता. खाण्याची वस्तू, अंगाला लावायची वस्तू, घसा बसला तर दुधातून घ्यायची वस्तू. डाग पडतो म्हणून खाण्याचे रंग बाद करणाऱ्या माणसाला हळदीचा डाग आठवला नाही, याचं स्पष्टीकरण मी एवढंच देऊ शकतो की ती घरची होती. बायकोलाही आठवला नाही, सासूबाईंनाही नाही. आणि तसेही सगळे काळी झबली घालणार होते.

शनिवारी मुलं आली. कोपऱ्यावरची मुलगी सगळ्यात शेवटी आली, आणि ती दारात उभी राहिल्यावर आमच्या मुलीच्या हातातलं झबलं हातातच राहिलं. ती पांढरं घुबड होऊन आली होती. नुसता मुखवटा नाही; डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या सुती कापडाची पिसं, एकेक कापून एकावर एक शिवलेली. हात पसरले की पंख उघडत. तिच्या आजीने, दुसऱ्या राज्यातून, उन्हाळाभर शिवून पाठवलेलं होतं ते.

सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "घुबड आलं हो घरात." मी काही बोलायच्या आतच त्यांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली. "असू दे. लक्ष्मीचं वाहन आहे. दिवाळीचंच आलं."

मुलीने झबलं पुढे केलं. घुबड म्हणालं, "नो थँक्यू. मग माझी पिसं दिसणार नाहीत." तिचं बरोबर होतं.

चकल्या ड्रॅगनच्या शेपट्या म्हणून संपल्या. छड्या रंगवून झाल्या. मग काढ्याचा तास. मी झबलं घालून प्राध्यापक झालो. मुलांना आम्ल आणि आम्लारी म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला लागलो तेव्हा मुलीने ओठ न हलवता सुनावलं, "बाबा. लेस मॅथ." मी आवरतं घेतलं. पहिल्या पेल्यात सोडा पडला, पाणी लाल झालं आणि मुलं अशी ओरडली की शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायला लागला. मी बायकोकडे पाहिलं. तिने अंगठा दाखवला. आमची मुलगी घुबडाच्या शेजारी उभी होती आणि घुबड तिला म्हणत होतं, "डू द बिग वन! डू द बिग वन!"

मोठं म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवलेलं हळदीच्या पाण्याचं पातेलं. ते शेवटी करायचं ठरलं होतं. मुलीने छडी उचलली, तोंडाने काहीतरी मंत्र म्हटला आणि हात असा झोकात फिरवला की छडी पातेल्याच्या काठाला लागली. पातेलं कलंडलं. पिवळं पाणी प्लास्टिकवरून, अगदी मी हिशेब केल्याप्रमाणे, जमिनीवर न पडता टेबलाच्या एका कोपऱ्याकडे वाहत गेलं. त्या कोपऱ्याला घुबड उभं होतं.

छातीपासून खालपर्यंत घुबड पिवळंजर्द. एका मुलाची आई मदतीला थांबली होती. भली बाई, ती धावत गेली, हात धुवायच्या बेसिनवरची साबणाची वडी आणि ओला टॉवेल घेऊन आली. मी "थांबा, साबण नको" असं म्हणेपर्यंत तिने घासलं होतं. हळदीला साबण लागला की काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. घुबडाच्या पोटावर एक लालभडक पट्टा उमटला.

"इट्स ब्लीडिंग!" कोणीतरी किंचाळलं, आणि अर्ध्या मुलांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकल्यावर घुबड रडायला लागलं. ओरडून नाही, नुसतं उभं राहून, पंख अंगापासून दूर धरून. आमची मुलगी तिथे नव्हती. मी लिंबाच्या पाण्याने लाल पट्टा परत पिवळा केला. बाईंच्या हातून साबण काढून घेतला, बायकोने बाकीच्या मुलांना खजिना शोधायला मागच्या अंगणात पिटाळलं आणि मी मुलीला शोधत निघालो.

ती कपडे धुवायच्या खोलीत, मशीनच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसली होती. सासूबाई आधीच तिथे पोचल्या होत्या.

"काहून रडून राहिली बाई? हळद तर आहे. लग्नात अंगभर फासतात."

"आजी, यू डोंट गेट इट." मग माझ्याकडे बघून, मराठीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, "बाबा, आता मला कोणीच नाही विचारणार. आणि तिची आजी पण रडेल."

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. तसं काही होणार नाही, असं मला म्हणता आलं असतं, पण ते मला माहीत नव्हतं. म्हणून जे माहीत होतं ते सांगितलं. "हळदीचा डाग साबणाने जात नाही. उन्हाने जातो. ओलं करून कडक उन्हात ठेवलं की रंग उडतो."

"प्रॉमिस?"

"सुती आहे. ऊन पाहिजे. उन्हाचं प्रॉमिस मी कसं करू?"

"उन्हाचं नाही. तू ट्राय करशील त्याचं."

ते मी केलं. मग ती उठली, बाहेर गेली आणि घुबडासमोर उभी राहून सॉरी म्हणाली. घुबडाने मान फिरवली. तिची आई न्यायला आली तेव्हा मी तिला दारातच सगळं सांगितलं. सूर्यप्रकाशाने हळदीतला रंग कसा मोडतो तेही सांगितलं आणि पोशाख माझ्याकडे ठेवून जाण्याची विनंती केली. तिने एकदा पोशाखाकडे आणि एकदा माझ्या झबल्याकडे पाहिलं. "हॅलोवीन गुरुवारी आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

स्वतःच्या मुलीला विचारून तिने तो काढून दिला. घुबड आतल्या साध्या टी-शर्टवर, आमच्या मुलीचं जॅकेट घालून घरी गेलं.

रविवारी सकाळी ऊन पडल्याबरोबर मी कामाला लागलो. आमच्या वस्तीत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला मनाई आहे. नियमांची ती प्रत मी घर घेतानाच वाचलेली होती, ती परत वाचली. दोरीला मनाई होती. खुर्चीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. घरामागच्या लाकडी डेकवर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि त्यांच्यावर घुबड पसरलं. ऑक्टोबरअखेरचं ऊन तिरपं असतं. शेजारच्या घराची सावली डेकवर लवकर सरकते. ती कुठून कुठे जाते ते मुलीने आणि मी खडूने फळ्यांवर आखलं, म्हणजे सावली रेषेवर आली की खुर्च्या पुढे सरकवायच्या.

दुपारी बेल वाजली. दारात कोपऱ्यावरची मुलगी, मुलीचं जॅकेट हातात घेऊन. जॅकेट परत द्यायला आले, म्हणाली, आणि माझं घुबड बघायला. तिला आमच्यावर विश्वास नव्हता हे स्पष्ट होतं. ती डेकवर गेली आणि पिसं एकेक करून तपासू लागली. वरची पिसं फिकी व्हायला लागली होती. पण पिसं एकावर एक होती. वरच्यांखालची अजून तशीच पिवळी.

"ही उचलावी लागतील," ती म्हणाली. "एकेक."

"हाउ?" आमची मुलगी म्हणाली.

दोघी आत जाऊन सासूबाईंकडून कपड्यांचे चिमटे घेऊन आल्या. वरची पिसं चिमट्याने वर धरायची म्हणजे खालच्यांना ऊन लागतं. खालची झाली की वरची सोडायची. हे मला सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या डेकवर होत्या. बोलत होत्या का, ते मला काचेतून कळत नव्हतं. सासूबाईंनी मधे दोनदा चकल्या नेऊन दिल्या आणि मराठीत सूचना केल्या. "उलटं कर, बाई. पाठ शेकू दे त्याची." कोपऱ्यावरच्या मुलीने बरोबर ते उलटं केलं.

सोमवारीही ती बसमधून उतरून थेट आमच्याकडे आली. मंगळवारी आभाळ आलं. मुलीने शाळेत जाताना आणि आल्यावर, दोन्ही वेळा माझ्या फोनवर हवामान बघितलं आणि दोन्ही वेळा फोन असा परत दिला की जणू ढग मी आणले होते. त्या दिवशी करण्यासारखं काही नव्हतं. तरी घुबडाची मालकीण आली. मी सांगितलं, आज ऊन नाही. "आय नो," ती म्हणाली आणि बूट काढून आत गेली. दोघी जिन्यावर बसून करंज्या खात होत्या आणि सासूबाईंना इंग्रजी आकडे शिकवत होत्या. सासूबाई चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना ते आकडे येत होते. त्यांनी तसं सांगितलं नाही, एक चुकवून चुकवून मोजत राहिल्या.

बुधवारी स्वच्छ ऊन होतं. मी दुपारी घरूनच काम केलं, आणि खुर्च्या हलवण्यासाठी एका मीटिंगमधून मधेच उठलो, जे मी सहसा करत नाही. मुली आल्या तेव्हा घुबड पांढरं झालं होतं. जवळजवळ. पोटाजवळच्या तीन-चार पिसांत, नीट पाहिलं तर, दुधाच्या सायीसारखी पिवळट छटा राहिली होती. मी लपवण्याचा प्रयत्न केला नाही. बोट ठेवून दाखवली आणि म्हणालो, "एवढी राहिलीय. अजून एक दिवस ऊन मिळालं तर तीही जाईल, पण दिवस उरला नाही."

कोपऱ्यावरच्या मुलीने ती पिसं उलटीपालटी करून पाहिली. आमची मुलगी तिच्याकडे बघत होती.

"खऱ्या घुबडांना असतंच असं थोडं," कोपऱ्यावरची मुलगी शेवटी म्हणाली. तिने चिमटे काढले, घुबडाची घडी केली आणि काखेत मारली. दारापर्यंत गेल्यावर मागे न वळताच म्हणाली, "सिक्स ओ'क्लॉक, ओके? माझ्या मेलबॉक्सपाशी. ब्रिंग अ फ्लॅशलाइट, आमची तुटलीय."

दार लागलं. आमची मुलगी स्वयंपाकघरात गेली, आजीच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, आणि सासूबाई हातातल्या झाऱ्याचं तेल तिच्यावर न सांडता म्हणाल्या, "काय झालं आता? परत काही सांडलं?"

गुरुवारी लक्ष्मीपूजन जरा लवकर उरकलं. पोर्चमध्ये भोपळ्यांच्या रांगेत पणत्या लावल्या. मुलीने झबलं घातलं, टॉर्चमधली बॅटरी मी तपासून दिली, आणि मीही बूट घालायला लागलो.

"तू कुठे?" ती म्हणाली.

"अंधार असतो. कोणीतरी मोठं बरोबर लागेल ना."

तिने विचार केला. "ओके. पण ट्वेंटी फीट मागे. आणि तू हाका नाही मारायच्या."

वीस फूट म्हणजे माझी आठ पावलं. मेलबॉक्सपाशी पाहिलं तर त्याच अंतरावर आणखी दोन बाप उभे होते, हातात कॉफीचे पेले घेऊन. आम्ही एकमेकांना नमस्कारवजा माना हलवल्या. एकाने विचारलं, "नवीन का इथे?" मी म्हटलं, उन्हाळ्यात आलो. मग आम्ही तिघे निघालो, पुढे मुलींचे टॉर्च, मागे आम्ही.

चौथ्या की पाचव्या घराबाहेर पुढचा घोळका थांबला. घुबडाला डोक्याच्या आत उकडत होतं. आमची मुलगी मागे वळली आणि तिने मला हाताने खूण केली, ये. मी जवळ गेलो. घुबडाने डोकं काढून माझ्या हातात दिलं.

"थँक्यू, बाबा," आमची मुलगी म्हणाली. "नाऊ गो बॅक."

मी आठ पावलं मागे गेलो.